कार्कासोनला जाताय? आधी जेवणाची वेळ बघा

दक्षिण फ्रान्समधलं कार्कासोन बघायला जाणार असाल तर आधी जेवणाचं सांगते, कारण माझा राग अजून गेलेला नाही. तुलूजहून ट्रेन तासाभराची, पण आमची मधेच थांबून राहिली. किल्ल्यातल्या एका रेस्टॉरंटमध्ये दीडचं टेबल बुक होतं, म्हणून ट्रेनमधूनच फोन करून उशीर होतोय असं कळवलं, तर चालेल, या म्हणाले. स्टेशनपासून वरचा किल्ला, म्हणजे सिते, दोनेक किलोमीटर, शेवटी चढ आणि आत दगडी फरशी, आईचे गुडघे दुखतात तरी बिचारी भराभर चालली. दोनला पाच कमी असताना दारात पोचलो तर म्हणे किचन बंद झालं! आत्ताच फोनवर हो म्हणालात ना, असं विचारलं तर नुसते खांदे उडवले. आत लोक निवांत जेवत होते आणि आमच्या डोळ्यांसमोरून कासुलेचं, म्हणजे तिथल्या बीन्स आणि मांसाच्या प्रसिद्ध पदार्थाचं, वाफाळतं मातीचं भांडं दुसऱ्याच टेबलावर गेलं.

मग पुढचं दार, त्याच्या पुढचं दार, सगळीकडे तेच उत्तर. तिथे दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन, मग थेट संध्याकाळी सात-साडेसातला. नियम असू दे, कामगारांनाही आराम हवाच, पण या म्हणून बोलावून दारातून परत पाठवणं मला अजिबात पटलेलं नाही. आईची गोळी जेवणानंतरची, त्यामुळे जीव नुसता टांगणीला. शेवटी एका ठिकाणी ‘सेर्विस कोंतिन्यू’ अशी पाटी दिसली, म्हणजे दिवसभर जेवण चालू. ही पाटी लक्षात ठेवा. आई शाकाहारी, तिला बकरीच्या दुधाच्या गरम चीजचं सॅलड आणि पाव मिळाला आणि मी सुटकेचा श्वास सोडला. शाकाहारी माणसाने कासुलेच्या वाटेला जाऊच नये, त्यात बदक, डुकराचं मांस आणि सॉसेज असतं.

मी मात्र हट्टाने रात्रीपर्यंत थांबले आणि कासुले खाल्लंच. पांढरे बीन्स लोण्यासारखे मऊ शिजलेले, वर ओव्हनमध्ये धरलेली तपकिरी साय, ती चमच्याने मोडली की खालून बदकाच्या चरबीचा वास येतो. एक प्लेट दोघांना पुरते. पाणी मागताना ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं, नाहीतर बाटलीचे पैसे लागतात.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. दुहेरी तटबंदी, 52 बुरुज, 1997 पासून जागतिक वारसा. 1849 मध्ये सरकार तट पाडायला निघालं होतं, लोकांनी विरोध केला म्हणून वाचला, मग 1853 पासून व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने दुरुस्ती केली. बुरुजांवरची टोकदार छपरं त्याचीच, त्यावर तेव्हापासून वाद आहे, मला तरी आवडली. गल्ल्यांत फिरायला तिकीट नाही, फक्त आतला शातो, म्हणजे सरदाराचा गढीसारखा वाडा, बघायला आणि तटावरून चालायला आहे, ते ऑनलाइन काढा.

जमलं तर रात्री तिथेच राहा, दिवसाची गर्दी निघून जाते आणि जेवणासाठी ट्रेनकडे बघत बसावं लागत नाही. आणि हो, मंगळवार, गुरुवार किंवा शनिवार असेल तर सकाळी आधी खालच्या गावात प्लास कार्नो या चौकातला बाजार बघा, तिथून चीज, पाव, फळं घेऊन पिशवीत ठेवा आणि मगच वर चढा.