रानात न्यायचा सुरा मी कसा निवडला

तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याच्या बाजूला माझ्या मित्राच्या मामांचं भातशेत आहे. शेताच्या वरच्या अंगाला त्यांच्याच मालकीचं थोडं रान आहे. जुलैमध्ये आम्ही तिघं तिथं दोन रात्री राहायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपासून जी झड लागली ती थांबेचना. संध्याकाळी आमच्यातल्या एकाला थंडी भरून आली. दात वाजत होते, बोलताना शब्द अडखळत होते. ओले कपडे उतरवून त्याला कोरड्या स्लीपिंग बॅगेत गुंडाळलं, पण पोटात काहीतरी गरम जायला हवं होतं आणि गॅस सकाळीच संपला होता. लायटर होता. पेटेल असं लाकूड नव्हतं.

लाकूड बाहेरून कितीही भिजलं तरी गाभा बहुतेक वेळा कोरडा असतो, एवढं मला माहीत होतं. ते फोडलं की काम होतं. मी पाठपिशवीतून माझा सुरा काढला. आठ इंची पातं, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र, आत पोकळीत काड्या आणि गळ. ऑनलाइन घेतला होता, त्याच्या दिसण्यावर भाळून. मनगटाएवढ्या ओंडक्यावर पातं आडवं ठेवलं आणि पाठीवर दुसऱ्या लाकडानं ठोकायला लागलो. पाचव्या की सहाव्या ठोक्याला मूठ माझ्या हातात राहिली आणि पातं लाकडात अडकून बसलं. विजेरीच्या उजेडात पाहिलं, तर पात्याला मागे पेन्सिलीएवढी सळी जोडलेली होती. आठ इंचांच्या पात्याचा सगळा भार त्या जोडावर होता.

पूर्ण अंधार पडायच्या आत मामा आम्हाला बघायला वर आले म्हणून निभावलं. त्यांनी काही न बोलता कमरेचा कोयता काढला, बांधावरचं एक उभं वाळलेलं झाड गाठलं, त्याची फांदी उतरवली आणि चार घावांत तिचे उभे तुकडे केले. आतलं लाकूड पिवळट, कोरडं ठणठणीत. वाळलेल्या कारवीच्या काड्यांवर ते रचलं आणि दहा मिनिटांत चहाचं आधण ठेवलं. मामा एवढंच म्हणाले, "पडलेलं लाकूड घेऊ नये रे पोरांनो, ते पाणी पितं. उभं वाळलेलं बघावं." मित्र तासाभरात नीट बोलायला लागला. मी मात्र रात्रभर ती तुटकी मूठ हातात घेऊन बसलो होतो. रानात ज्याच्यावर जीव टाकायचा, ती वस्तू मी कधी तपासलीच नव्हती.

नवा सुरा घ्यायचा ठरलं. पण या वेळी आधी काम लिहून काढलं, मग सुरा शोधला. सह्याद्रीत दोन-तीन दिवस राहताना मला सुऱ्यानं काय करावं लागतं? दोरी आणि पट्टे कापणं, भाजी चिरणं, तंबूच्या मेखा तासणं, बांबू उभा चिरणं, आणि पावसाळ्यात मनगटाएवढं लाकूड फोडून त्याच्या गाभ्यातून पातळ सालपटं काढणं. यादी एवढीच. करवतीच्या दातांनी मी एकदाही काही कापलं नव्हतं. उलट पाठीवर ठोकताना ते दात वरच्या लाकडात रुतत होते.

घडीचा चाकू बाद झाला, कारण त्याचा बिजागरीचा खिळा हाच त्याचा सगळ्यात नाजूक भाग. ठोकण्याच्या कामाला न दुमडणारा सुराच हवा, आणि त्याचं पोलाद पात्याच्या टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध, एकाच रुंदीचं हवं. मुठीच्या दोन फळ्या त्या मुठीत जाणाऱ्या पोलादी पट्टीवर दोन्ही बाजूंनी बसवलेल्या असल्या की पट्टीची कड मुठीच्या वर-खाली डोळ्यांना दिसते. दुकानात सुरा हातात घेतल्यावर मी आता पहिल्यांदा तिथंच बघतो.

लांबीचा हिशोबही लाकडावरूनच केला. जेवढं जाड लाकूड फोडायचं, त्यापेक्षा इंच-दीड इंच पातं बाहेर उरायला हवं, म्हणजे त्या उरलेल्या टोकावर ठोकता येतं. माझी लाकडं दोन-अडीच इंचांची, म्हणजे चार इंचांचं पातं पुरतं. त्याहून मोठं लाकूड असेल तर ते कोयत्याचं काम, आणि गावात कोयता घरोघरी असतो.

लांबीला आणखी एक बाजू आहे, ती प्रत्येकानं माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. शस्त्र नियम २०१६ च्या कक्षेत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. चार इंची सुरा या मापाच्या खूप आत राहतो. पण तेवढ्यानं भागत नाही. सण, मोर्चे, निवडणुका यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सुरे बाळगायलाही बंदी असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. त्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुऱ्याचाही उल्लेख आहे. भीमाशंकर, कोयना, फणसाड, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही सगळी अभयारण्यं आहेत. मी हरिश्चंद्रगडावर कितीतरी वेळा पिशवीत सुरा घालून गेलो होतो. आता तसा जात नाही. तिथं चूलही पेटवत नाही आणि फांदीही तोडत नाही. सुरा फक्त मालकीच्या जमिनीवर, मालकाला विचारून.

पुढचा प्रश्न पोलादाचा. एका मैत्रिणीकडे स्वीडनच्या मोरा गावाहून येणाऱ्या सुऱ्यांपैकी एक होता, साधा, प्लॅस्टिकच्या मुठीचा, चार इंचांच्या आसपास पात्याचा. तो मी पावसाळा संपेपर्यंत मागून घेतला. त्यानं मला धार म्हणजे काय ते शिकवलं. त्याच्या पात्याचे उतार अर्ध्या उंचीपासून थेट धारेपर्यंत सपाट येतात. त्यामुळे धार लावताना तो सपाट भाग दगडावर आपोआप टेकतो, कोन हातानं सांभाळावा लागत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः लावलेल्या धारेनं कागद कापला तो त्या सुऱ्यानं. तो स्टेनलेस होता, सबंध पावसात गंजला नाही. पण त्याची पट्टी मुठीच्या आत अर्ध्यात संपत होती आणि दुसऱ्याच्या सुऱ्यावर ठोकायला माझा हात धजावेना. जो फक्त कापण्या-तासण्यासाठी सुरा शोधतोय, त्यानं मात्र तसाच घ्यावा, इतका तो चांगला आहे.

मला हवा तसा मी शेवटी करवूनच घेतला. मामांच्या ओळखीनं आठवडी बाजारातल्या एका लोहारकाकांकडे गेलो. ते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कोयते घडवतात. त्या पोलादात लवचीकपणा असतो, मार सोसतं, पण जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. काकांनी तीन तुकडे एकेक करून दोरीला टांगले आणि हातोडीनं वाजवले. दोन खणखणले, एक बद्द वाजला. तो बाजूला फेकला.

मी पुठ्ठ्याचा नमुना कापून नेला होता. पातं चार इंच लांब, एक इंच रुंद, चार मिलिमीटर जाड, पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत. पाठीच्या कडा मात्र काटकोनात, धारदार राहू द्या म्हणालो, कारण चकमकीच्या कांडीवर पाठीनं खरवडलं की ठिणग्या पडतात आणि धार वाचते. काकांना ते पटलं. घडवून, कानशीनं घासून झाल्यावर कानस पात्याला चावत होती, लोखंडाचा कीस पडत होता. मग पाणी पाजायची, म्हणजे पातं तापवून एकदम गार करून कडक करायची वेळ आली.

त्यासाठी काका सूर्य मावळेपर्यंत थांबले. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात डोळ्यांना फसवतो, असं ते म्हणाले. भात्यावर त्यांचा मुलगा होता. पातं आधी काळपट लाल, मग पिकल्या चेरीसारखं, मग त्याहून थोडं उजळ झालं. काका मधूनच एक लोहचुंबक लावून बघत. तापलेल्या पोलादाला चुंबक धरेनासा झाला की आणखी थोडी आच देऊन ते काढायचं. विळ्याला ते पाणीच वापरतात, पण हे पोलाद पाण्यात तडकू शकतं म्हणून डब्यात तेल घेतलं होतं. धारेची बाजू आधी तेलात गेली. भक्कन ज्वाळा उठली, धूर झाला, आणि डब्यातून बारीक चरचर येत राहिली. बाहेर काढून काकांनी कानस माझ्या हातात दिली. मघाशी चावणारी कानस आता काचेवरून जावी तशी घसरत होती.

मला वाटलं झालं. काका म्हणाले, "आत्ता हा दगडावर पडला तर फुटंल. याचा राग उतरवायचा राहिलाय." पातं दगडावर घासून त्यांनी चकचकीत केलं आणि फक्त पाठ निखाऱ्याशी धरली. मी वाकून बघत होतो. चकचकीत पोलादावर रंग उमटायला लागले. पाठीशी निळा, त्याच्या पुढे जांभळा, मग तपकिरी, आणि सगळ्यांच्या पुढे गव्हाच्या काडासारखा पिवळा, धारेकडे सावकाश सरकणारा. पिवळा धारेला टेकला त्या क्षणी काकांनी पातं पाण्यात बुडवलं. धार कडक राहिली आणि निळी पडलेली पाठ मार सोसण्याइतकी नरम. मजुरीचे त्यांनी सहाशे रुपये सांगितले. मी हजार दिले आणि तेही मला कमीच वाटले.

मूठ मी घरी बसवली, शिसवीची, तीन पितळी खिळ्यांवर. याच्यावर माझे दोन आठवडे गेले आणि ते जायलाच हवे होते. पहिल्यांदा बोटांसाठी खाचा पाडल्या होत्या. अर्धा तास तासकाम केल्यावर कळलं की पकड बदलली की त्याच खाचा बोटांना बोचतात. खाचा घासून काढल्या, मूठ मधे किंचित फुगीर आणि शेवटी थोडी खाली वळलेली ठेवली. मग हाताला साबण लावून बेसिनपाशी ओली फांदी तासून बघितली. हात पुढे धारेवर घसरत नाही, याची खात्री होईपर्यंत घासत राहिलो. अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो का तेही बघितलं.

म्यान चामड्याचं करायचं डोक्यात होतं, पण पावसात चामडं ओल धरतं आणि आत सुरा गंजतो. म्हणून पीव्हीसी पाइपचा तुकडा उकळत्या पाण्यात मऊ करून दोन फळ्यांत दाबला आणि सुऱ्याभोवती बसवला. तळाला भोक ठेवलं, पाणी निथळायला.

पुढच्या जुलैत त्याच रानात, मामांच्या समोर उभं वाळलेलं लाकूड घेतलं आणि फोडलं. पाठीवर पन्नासेक ठोके बसले असतील. मूठ हलली नाही, धारेला खाच पडली नाही. गाभ्याची काडी धरून तिच्यावर एकामागून एक सालपटं उचलली, तुटू न देता, टोकाला कुरळा तुरा उभा राहीपर्यंत. ठिणगी पडली आणि तो पेटला. मामांनी सुरा मागून घेतला, नखावर धार पाहिली, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मलाबी असाच एक सांग त्याला. जरा मोठा."

हे पोलाद गंजतं. तीन दिवसांच्या पावसात पात्यावर तांबूस ठिपके येतात. घरी आलो की राखेनं घासतो, कोरडं पुसतो आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवतो. त्याच सुऱ्यानं भाजी चिरायची असते, म्हणून तेल खाण्याचंच.