शिवराई चिंचेने घासू नये

शेतात मेटल डिटेक्टर फिरवणाऱ्याच्या वाट्याला आमच्या भागात बहुतेक वेळा ट्रॅक्टरचे नटबोल्ट, बैलांच्या खुरांना मारायच्या पत्र्या आणि बाटल्यांची बुचे येतात. एखाद्या वेळी घुंगरू किंवा जोडवे मिळते, आणि दैव प्रसन्न असले तर मातीत लडबडलेली, हिरवट, धड गोल नाही अशी तांब्याची जाड चकती हाती लागते. ती शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे असावे अशी शंका येताच घरातले कोणीतरी चिंचेचा कोळ किंवा पितांबरी पुढे करते. देवाच्या तांब्या-पळीसाठी तो उपाय उत्तमच आहे, पण नाण्यासाठी त्याच्याइतका घातक उपाय दुसरा नाही.

याचे कारण रासायनिक आहे. तांबे शेकडो वर्षे मातीत राहिले की त्याच्या पृष्ठभागाचेच हळूहळू रूपांतर होते: धातूला लागून लालसर क्युप्राइटचा थर असतो आणि त्यावर बहुधा हिरवा मॅलाकाइटचा. अक्षरांच्या कडा अनेकदा मूळ धातूत उरलेल्याच नसतात, त्या या थरांत टिकून असतात. आंबट पदार्थ हा थर विरघळवतो आणि खाली राहते ती गुलाबी, खड्डे पडलेली चकती, जिच्यावर ‘श्री’ होता की नव्हता हेही सांगता येत नाही. वीजप्रवाह सोडून केलेली सफाई आणि तारेचा ब्रश यांच्याबद्दलही माझे मत वेगळे नाही.

म्हणून आधी वजन आणि छायाचित्र, मग पाणी. नाणे कोरडे असतानाच दिवा अगदी आडवा धरून पाहिले, तर मातीच्या थरातूनही अक्षरांच्या उंचवट्यांची सावली पडते. त्यानंतर बॅटरीत घालतात तसल्या डिस्टिल्ड पाण्यात ते भिजत ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि मऊ झालेली माती बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, अक्षराच्या कडेकडेने उचलावी. काडी तांब्याहून मऊ असते. सुई किंवा ब्लेड नसते. हिरवा थर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर तो तसाच राहू द्यावा. मात्र फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी पुन्हापुन्हा उगवत असेल, तर तो क्लोराइडचा रोग आहे. तो दमट हवेत धातू आतून पोखरत राहतो, म्हणून असे नाणे इतरांपासून वेगळे आणि कोरडे ठेवून संग्रहालयाच्या रसायनतज्ज्ञाला दाखवावे.

ओळख पटवण्याचा भाग मला सफाईहून अधिक रंजक वाटतो. शिवराईच्या एका बाजूस ठिपक्यांच्या वर्तुळात तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र / पति’ असा मजकूर असतो. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे तो पूर्ण क्वचितच उमटतो. कुठे ‘राजा’चा काना मिळतो, कुठे नुसती ठिपक्यांची ओळ. ‘शिव’ऐवजी ‘सिव’, ‘पति’ऐवजी ‘पती’ अशी रूपेही आढळतात. पण नाव शिवाजी महाराजांचे आहे म्हणून नाणे त्यांच्याच काळातले, असे धरू नये. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडली जाणारी ही नाणी पुढे पेशवाईतही त्याच मजकुराने पाडली जात राहिली, आणि दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ शिवराई ही तर उत्तरकालीन मानली जाते. अक्षरांचे वळण, वजन आणि सोबतची चिन्हे एकत्र पाहिल्याशिवाय कालनिर्णय करणे म्हणजे हौसेला इतिहास म्हणणे होय. त्या मानाने कंपनी सरकारचा १८३५ सालचा पाव आणा ओळखायला सोपा: यंत्रावर पाडलेला, नेमका गोल, सुमारे ६.४७ ग्रॅमचा. भोकाचा पैसा तर १९४३ ते १९४७ मधलाच, त्याला भिंगही लागत नाही.

कायद्याचे दोन शब्द इथेच सांगायला हवेत, कारण हौशी मंडळी ते सोयीस्करपणे विसरतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास तिची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. संरक्षित किल्ल्यांवर आणि स्मारकांच्या आवारात तर परवानगीवाचून खणणे हा सरळ गुन्हा आहे. शिवाय वस्तू कुठे, किती खोलीवर आणि कशासोबत मिळाली हे न लिहिता ती उचलली की तिची निम्मी माहिती तिथेच गेली.

साठवण सोपी आहे. पीव्हीसीचे मऊ पाकीट तांब्याला चिकट हिरवे करते, म्हणून आम्लरहित कागदाचे पाकीट वापरावे, डब्यात सिलिका जेल टाकावे आणि पावसाळ्यात ते बदलत राहावे. पाकिटावर वजन, व्यास, वाचता आलेली अक्षरे आणि सापडल्याचे ठिकाण पेन्सिलीने लिहावे. न वाचता आलेल्या अक्षराची जागा मी कोरी सोडतो.