गुहागरची मर्सिडीज आणि मिरकरवाड्याचे नटबोल्ट

दापोलीहून दाभोळला उतरलो, फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली आणि धोपाव्यावरून गुहागर गाठले. तिथल्या एका नारळी-पोफळीच्या वाडीतील मांगरात कित्येक पावसाळे उभी असलेली मर्सिडीज २८० एसएल पाहायची होती. कापडी टपाची ही दोन आसनी मालिका जर्मनीत १९७१ ते १९८९ या काळात तयार झाली आणि तिच्या सुमारे २ लाख ३७ हजार गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. त्यामुळे इंजिनाचे बहुतेक सुटे भाग आजही मिळतात. समुद्राकाठच्या गाडीचा भाव मात्र पत्रा पाहूनच ठरवावा, या मताचा मी आहे.

“एका चावीत चालू होते हो, अजून काय बघायचे?” असे म्हणत मालक काकांनी गाडी सुरू केली. सहा सिलिंडरांचे इंजिन जरा धुरकटून लयीत आले. मी ते बंद करायला लावले आणि बॉनेट उघडून समोरच्या काचेच्या बुडाशी असलेली हवेची जाळी पाहिली. तिच्याखाली साचणारे पाणी रबरी नळ्यांतून खाली जाते. त्या नळ्या तुंबल्या की पाणी आतल्या पत्र्यावर मुरत राहते, आणि तो गंज काढायचा तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, पुष्कळदा इंजिनही. वाकवलेली तार आत घातली तेव्हा सुरूच्या काड्यांचा काळा, ओला बोळा बाहेर आला. गुहागरच्या किनाऱ्यावर सुरूचे बन आहे, तेव्हा नवल नव्हते. सुदैवाने गालिच्याखालचा पत्रा ठोकल्यावर खणखणीत वाजला. जॅक लावण्याच्या जागी मात्र रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक एके ठिकाणी चिकटेना. तिथे गंजाच्या जागी लांबी (पुटी) भरून वर रंग मारलेला होता. काका जरा गप्प झाले.

चासी क्रमांक १०७.०४२ ने सुरू होत होता, म्हणजे गाडी खरोखर २८० एसएलच होती, आणि तो आरसी बुकाशीही जुळला. खासगी गाडीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तेही पाहून घेतले. पेट्रोल पुरवणारी बॉशची यांत्रिक यंत्रणा ही खरी डोकेदुखी. आताच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओल धरते, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की त्या ओलीने सिलिंडरांना पेट्रोल वाटून देणारा फ्युएल डिस्ट्रिब्यूटर आतून गंजू शकतो. तो खर्च मी मनात धरला.

पुढे तवसाळहून जयगडला बोटीने उतरून रत्नागिरी गाठली. मुंबईच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला फोन करताना मॉडेलचे नाव सांगण्यापेक्षा भागावर छापलेला क्रमांक वाचून दाखवावा. हेच इंजिन मर्सिडीजच्याच १२३ मालिकेच्या २८० ई गाडीतही होते, त्यामुळे त्या गाडीचे इंजिनाचे भागही विचारून ठेवावेत. मिरकरवाडा बंदरात मच्छीमार बोटींना सामान पुरवणाऱ्या दुकानात खाऱ्या हवेत टिकणारे स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट आणि पाणी काढण्याच्या नळ्यांसाठी जाड रबरी पाइप मिळाला. साध्या पत्र्यावर असे बोल्ट कोरडे आवळू नयेत, ग्रीस लावूनच बसवावेत, असे दुकानदाराने न विचारता बजावले. मिरजोळे एमआयडीसीतल्या टर्नरने दाराच्या बिजागरीचा नमुना हातात फिरवून पितळी बुश करून देण्याचे कबूल केले.

काचेचे आणि टपाचे रबर मात्र जर्मनीहूनच मागवायचे. स्वस्त नकली रबर पहिल्याच आषाढात गळते, आणि मग वर सांगितलेला सगळा गंज नव्याने सुरू होतो. सीमाशुल्कासह त्याचा खर्च, डेंटरची मजुरी आणि पेट्रोल यंत्रणेचे काम असे सगळे मांडून मी काकांना फोनवर माझा आकडा सांगितला. थोडी घासाघीस झाली. अखेरीस ते तयार झाले, पण मांगराच्या आढ्याला टांगलेल्या लोखंडी हार्डटॉपचे, म्हणजे गाडीवर बसवायच्या कडक टपाचे, वेगळे पैसे मागू लागले. तो सौद्यातच हवा, यावर मी अडून बसलो. “घेऊन जा, पण उतरवायला दोन माणसे तुमची आणा,” असे म्हणून त्यांनी बयाणा घेण्याचे कबूल केले.