उताऱ्यावर अजून भरणारी शाळा

आमच्या वाड्याचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, उतरवून दोन तुळया बदलायच्या होत्या. वाडा वारसा यादीत, श्रेणी तीनमध्ये. म्हणून हेरिटेज समितीची परवानगी. नकाशे, फोटो, शुल्क यात काही त्रास झाला नाही. अडलं ते मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डाच्या उताऱ्यावर.

पत्रिकेत पट्टेदाराच्या, म्हणजे भाडेपट्ट्याने जागा घेणाऱ्याच्या, रकान्यात एका शाळेचं नाव. ही शाळा आमच्या ओटीवर आणि खालच्या सोप्यात भरायची, वडिलांच्या लग्नाआधीच बंद पडली. नंतर तिथे छापखाना आला, मग रेशन दुकान. उताऱ्यावर मात्र शाळा चालूच! कारकून म्हणाले, "शाळेचं ना-हरकत पत्र आणा." शाळाच नाही म्हटल्यावर, "मग बंद झाल्याचा दाखला आणा." शिक्षण खात्यात गेलो तर "एवढं जुनं दप्तर नाही." तसं लिहून द्या म्हटलं की सगळे पंख्याकडे बघतात. 'नाही' हे लेखी कोणी देत नाही, आणि इकडे लेखी असल्याशिवाय कागद हलत नाही.

पुण्याच्या विश्रामबागवाड्यात पेशवाईनंतर १८२१ साली संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे तिथे नगरपालिकाही होती. त्याचं सगळ्यांना कौतुक. आमच्याकडे चार पोरं पाढे म्हणून गेली, तर आम्ही आरोपी.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला: अमुक शाळेच्या नोंदीची नक्कल द्या. तीस दिवसांच्या आत सही-शिक्क्याचं उत्तर आलं, "अभिलेख उपलब्ध नाही." तोंडी मागून न मिळालेला कागद हाच! त्याला नगरपालिकेचे जुने कर आकारणी उतारे जोडले. त्यांत भोगवटादार म्हणून आधी छापखाना, मग दुकान ओळीने दिसतं. भूमापन कार्यालयातून चौकशी नोंदवहीची, म्हणजे भूमापनाच्या वेळी मालकी तपासून केलेल्या नोंदींच्या वहीची, नक्कलही काढली; मूळ मालक कोण ते तिथे स्पष्ट असतं. मग फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, होऊन पट्टेदाराचं नाव कमी झालं. नवा उतारा साहेबांच्या टेबलावर ठेवताना मी मुद्दाम जरा जोरात ठेवला.

हो, प्रत्येक कागदाची पोच आवक क्रमांकासह घ्या. गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवेल, ऐकू नका. पांढऱ्या मातीच्या भिंतीत ओल कोंडते, चुनाच हवा. परवानगी हातात पडली तेव्हा मृग लागला होता, त्यामुळे सगळा पावसाळा माळवदावर ताडपत्री. तुम्ही गणपती उठले की लगेच अर्ज टाका, म्हणजे उन्हाळ्यात काम उरकेल.