तुम्ही विचारलंत म्हणून: "इंग्रजीच तर बोलतात, मग न कळायला काय झालं?"

दर सुट्टीत हा प्रश्न येतोच. बॅगा अजून उघडलेल्या नसतात आणि कुणीतरी म्हणतं, "तिकडे आयर्लंडमध्ये इंग्रजीच बोलतात ना? मग एवढ्या वर्षांनी अजून 'कळत नाही' काय म्हणतेस?" यंदा फोनवरच तिघांनी विचारलं. एकदाच सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

पाऊस किती, थंडी किती, नर्सेस केरळच्याच का, हे तुम्हाला पाठ आहे. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर, त्यांचंही पाठ आहे: वडिलांचं घराणं मालवणजवळच्या वराडचं. पण त्यांची आई मी राहते त्याच गावची, डनगार्व्हनची, हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कुणाच्या लक्षात राहत नाही. काउंटी वॉटरफर्ड, खाडीच्या काठाला, वस्ती दहा हजारांच्या आसपास. मध्ये ग्रॅटन स्क्वेअर, मागे कोमेरा डोंगर, आणि समोर अॅन रिन, जिथे आजही आयरिश बोलतात.

आता इंग्रजी. पहिली गोष्ट म्हणजे, इथल्या इंग्रजीच्या पोटात आयरिश, म्हणजे इथली मूळ भाषा, आहे. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांना स्वतंत्र शब्द नाहीत, विचारलेलं क्रियापदच परत म्हणायचं. त्यामुळे "विल यू बी देअर?" याला इथे "येस" क्वचित येतं, "आय विल" येतं. आपण तरी काय करतो? "येशील?" "येईन." भूक 'लागते' ही आपली रचना, तर आयरिशमध्ये भूक अंगावर असते: तॉ ओक्रस ओरम. दुःखही अंगावरच असतं. "आयॅम आफ्टर पुटिंग द केटल ऑन" म्हणजे किटली ठेवणार आहे असं नव्हे, ती ठेवलीच आहे. "ही डज बी हिअर ऑन अ ट्यूसडे" म्हणजे मंगळवारी तो इथे असतो. 'असणे' आणि 'असत असणे' यांतला हा फरक शाळेतल्या इंग्रजीत कुणी शिकवत नाही, पण मराठी माणसाला तो उमजायला अवघड नाही. 'ये' म्हणजे अनेकवचनी तुम्ही. आणि "इज हिमसेल्फ अॅट होम?" म्हणजे सरळ "हे आहेत का घरात?" आजीनं आजोबांचं नाव घेतलं नाही, तसंच.

म्हणजे व्याकरण आपल्याला सोपं पडतं. शब्दही पडतात, फक्त फसवतात. 'प्रेस' म्हणजे कपाट. 'हॉट प्रेस' म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, वरच्या फळ्यांवर टॉवेल वाळतात. त्या टाकीच्या हीटरला म्हणतात इमर्शन, आणि त्याला दोन खटके असतात: 'सिंक' आणि 'बाथ'. सिंकवर टाकीचा वरचा थोडासाच भाग तापतो, भांडी घासण्यापुरता. बाथवर अख्खी टाकी. बाथवर ठेवून झोपलात तर बिल आल्यावर जाग येते. म्हणून या देशात घराबाहेर पडताना गॅस पाहिला का असं विचारत नाहीत, इमर्शन बंद केलं का असं विचारतात. 'गिव्हिंग आउट' म्हणजे वाटणं नव्हे, रागावणं. 'बोल्ड' मुलगा शूर नसतो, खोडकर असतो. 'मेसेजेस' आणायला गेली म्हणजे वाणसामान आणायला. 'यर मॅन' म्हणजे तुमचा माणूस नव्हे, कुणीही पुरुष: तो बाबा. आणि "कमिअर टू मी" असं समोर उभं राहूनच म्हणतात. पुढे सरकायचं नाही, फक्त कान द्यायचा. 'सॉफ्ट डे' म्हणजे भुरभुर पाऊस. 'ग्रेट ड्रायिंग' म्हणजे वारा आहे, कपडे बाहेर टाका. हे वाक्य जितक्या आनंदानं बोललं जातं तितक्या आनंदानं इथे दुसरं काही बोललं जात नाही.

पहिल्या वर्षी हे सगळं मी वहीत उतरवत होते. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, मधे रेघ. त्या बाईला आज सांगावंसं वाटतं की वही बाजूला ठेव. पण तिचंही अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. वही नसती तर दुकानात ब्ला मागता आला नसता. (ब्ला म्हणजे वॉटरफर्डचा पिठूळ पाव, 2013 पासून त्याला युरोपचं भौगोलिक संरक्षण आहे. सकाळीच खायचा, संध्याकाळी त्यात जीव राहत नाही. पाववाल्याच्या लादीशी तुलना करू नका, दोघांचाही अपमान होतो.)

अडचण शब्दांची नाहीच. "आय विल, यॅ" असं दोन तुकड्यांत, स्वर खाली टाकून म्हटलं तर अर्थ होतो 'नाही, कधीच नाही'. नुसतं "आय विल" म्हणजे नक्की. फोनवर "आय'ल लेट यू गो" म्हणजे मलाच जायचं आहे. आपलं "चल, तुला कामं असतील" तसंच. त्यानंतर सहा-सात वेळा बाय येतात, उतरत्या आवाजात, आणि ते संपायच्या आत फोन ठेवणं उद्धटपणाचं. चहाला पहिलं "नो, आयॅम ग्रँड" हे नाही नसतं. दुसरंही नसतं. तिसऱ्या आग्रहाला "गो ऑन, सो" येतं. हे मला पहिल्याच दिवशी जमलं, त्यासाठी वही लागली नाही. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून तर्जनी उचलायची. हात नाही, एकच बोट, आणि तेही चाक न सोडता. मोठ्या रस्त्यावर तेच केलंत तर लोक मागे वळून बघतात.

तुम्ही म्हणाल, म्हणजे तोंडात एक आणि पोटात एक. नाही हो. आपण दारात उभं राहून "या हं परत, जेवायलाच या" म्हणतो, तेव्हा काय तारीख ठरवतो का?

एवढं माहीत असूनही मी जिथे अडकले ते सांगते. प्रश्न खरा तिथला आहे.

शेजारचे आजोबा गेले. आजोबा मी म्हणते, ते त्यांच्या नावानंच ओळखले जायचे. इथे माणूस गेला की बातमी दोन वाटांनी येते. एक स्थानिक रेडिओवर, ठरल्या वेळी, संथ आवाजात. त्या वेळी स्वयंपाकघरात बोलणं थांबतं. दुसरी आर-आय-पी डॉट आय-ई या संकेतस्थळावर, जिथे 2025 पासून नोंद द्यायलाही 100 युरो पडतात. नोंदीचा साचा ठरलेला. नाव, गावाबरोबर घराचा टापू, बाईमाणूस असेल तर माहेरचं आडनाव. मग 'रिपोझिंग', म्हणजे अमुक फ्युनरल होममध्ये पार्थिव सोमवारी संध्याकाळी 5 ते 8. मग मंगळवारी 11 ला चर्चमध्ये मास, म्हणजे प्रार्थनाविधी, नंतर लगतच्या दफनभूमीत दफन. फुलं फक्त घरच्यांची, बाकीच्यांनी देणगी द्यावी. आणि शेवटी दोन शब्द: 'हाउस प्रायव्हेट'.

मी हे दोन शब्द वाचले आणि घरी बसले.

या शब्दांचा अर्थ एवढाच असतो की घरी येऊ नका, घर घरच्यांसाठी ठेवलंय, म्हणून तर बाहेर तीन तास ठेवलेत. मला वाटलं, गोऱ्यांची प्रायव्हसी, बोलावलेलं नाही, आपण कोण? काल आलेले उपरे. त्यांचा शब्द 'ब्लो-इन', वाऱ्यानं उडून आलेला, आणि तो तीस वर्षांनीही पुसला जात नाही. संध्याकाळी खिडकीतून दिसत होतं: अख्खा रस्ता, कोट घालून, दोघं-तिघं मिळून निघालेला. मी पडदा ओढला. त्यांच्या दुःखाचा आदर म्हणून, असं तेव्हा मला खरंच वाटत होतं.

तिथे काय करायचं असतं, ते आता मला नीट माहीत आहे. तुमच्यापैकी कुणी इकडे येणार असेल तर उपयोगी पडेल. रांग बाहेर फुटपाथपर्यंत येते, मोठा गोतावळा असेल तर तासभर उभं राहावं लागतं, रांगेत गप्पा चालतात, हसणंही चालतं. दाराशी वहीत नाव लिहायचं. आत घरचे लोक ओळीनं बसलेले असतात. टोकापासून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवायचा, ओळख असो-नसो, आणि प्रत्येकाला तेच वाक्य म्हणायचं: "सॉरी फॉर युअर ट्रबल." त्यात भर घालायची नाही. कसं झालं हे विचारायचं नाही, पटकन गेले ते बरं झालं असलं काही बोलायचं नाही. ओळख नसेल तर आपण कोण ते एका वाक्यात सांगायचं: शेजारी राहते. शवपेटी बहुतेक उघडी असते. तिथे क्षणभर थांबायचं, पुढे सरकायचं, बाहेर पडायचं. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. तेवढ्यासाठी माणसं पन्नास किलोमीटर गाडी चालवत येतात. दुसऱ्या दिवशी मासनंतर चहा. हॅमची सँडविचं शेजारच्यांनी कडा कापून, त्रिकोणी करून आणायची, चहाचा मोठा बॉयलर आणि कप कुणाच्या तरी क्लबातून. कुणी गाड्या कुठे लावायच्या ते दाखवायला उभं राहतं. घरच्यांनी कुणाला काही सांगितलेलं नसतं.

आणि हे मला माहीत नव्हतं का? लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावणं येत नाही, हे मी कुठल्या वहीत वाचलं नव्हतं. आमच्या गल्लीत कुणी गेलं की आई पदर खोचून निघायची. लाकडं, मडकं, कोणाला फोन, पहिल्या दिवशी जेवण कुणाकडून, हे ठरवायला तिला आमंत्रण लागत नव्हतं. त्याच घरात वाढलेली मी दोन इंग्रजी शब्दांनी अडले, कारण इथलं सगळं वेगळंच असणार असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. आग्रहाचा चहा ओळखीचा निघाला तेव्हा मला गंमत वाटली होती. दुःखही ओळखीचं असेल हे काही सुचलं नाही.

आठवड्यानं केक घेऊन आजींच्या दाराशी गेले. येऊ शकले नाही, असं म्हणाले. खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. त्या म्हणाल्या, "नॉट अॅट ऑल. यू'र ग्रँड."

ग्रँड हा शब्द वहीत पहिल्या पानावर आहे. त्याचे मी तिथे पाच अर्थ लिहिलेत: ठीक, चालेल, नको, काही हरकत नाही, विषय संपला. त्या दिवशीचा कोणता होता? महिन्याभरानं 'मंथ्स माइंड'चा मास होतो, आपल्या मासिक श्राद्धासारखा, त्याला मी गेले, मागच्या बाकावर बसले. बाहेर येताना त्यांनी माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला. की मीच सोडला नाही? सांगता येत नाही.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. माझा नवराही तेच म्हणतो. असेलही. बाकी गाव तर झपाट्यानं बदलतंय. रेल्वेची प्रवासी गाडी 1967 मध्ये बंद पडली. त्या रुळांच्या जागी 2017 पासून वॉटरफर्डपर्यंत 46 किलोमीटरचा ग्रीनवे आहे, शनिवारी भाड्याच्या सायकलींची झुंबड असते. एक मोठी बँक 2023 मध्ये देशातूनच गेली. 2024 च्या फेब्रुवारीपासून डबे-बाटल्यांवर अनामत आली: अर्ध्या लिटरपर्यंत 15 सेंट, त्याहून मोठ्याला 25. सुपरमार्केटच्या यंत्रापाशी पिशव्या घेऊन लोक उभे असतात. डबा चेपलात तर यंत्र परत तोंडावर फेकतं, हे सांगायला मात्र रांगेतलं कुणीतरी असतंच. त्या रांगेत हल्ली युक्रेनियन ऐकू येतं, पोर्तुगीज येतं, मल्याळम तर येतंच. या सगळ्यांनाही 'यू'र ग्रँड' ऐकवलं जात असणार. त्यांना कितवा अर्थ लागतो, एकदा विचारायचं आहे.

आजोबा होते तेव्हा बुधवारी रात्री आमचाही कचऱ्याचा डबा तेच रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचे, एक आठवडा काळा, एक आठवडा हिरवा, चुकायचे नाहीत. आता आजींचा डबा मी ठेवते. पहिल्या वेळी त्या दारात येऊन म्हणाल्या, "अह, यू शुडन्ट हॅव." मी तो पहिला नकार धरला आणि पुढच्या बुधवारी पुन्हा ठेवला. दुसऱ्या वेळीही तेच म्हणाल्या. तिसऱ्या बुधवारी त्या बाहेर आल्याच नाहीत, सकाळी त्यांचा डबा मात्र माझ्याआधी रस्त्यावर होता, आणि त्याच्या शेजारी माझाही.