धावणाऱ्या घोड्याचा पाय रोज हाताखालून गेला पाहिजे

शर्यतीच्या आणि रायडिंगच्या घोड्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला बोलावणे येते ते बहुतेक वेळा घोडा लंगडू लागल्यावर. पुण्यात पावसाळ्याबरोबर शर्यतींचा हंगाम सुरू झाला की सकाळची कसरत संपता संपता फोन वाजू लागतात आणि प्रश्न जवळजवळ एकच असतो : "डॉक्टर, पुढच्या शर्यतीपर्यंत घोडा बरा होईल ना?" घोडा पाहून मी माझे मत सांगतो, पण घोडा नीट चालतो आहे, चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, संपवतो आहे आणि लीदही ठीक टाकतो आहे अशा दिवशी पशुवैद्याला बोलावण्याची सवय आपल्याकडे लागली, तर आज आपण गमावतो त्यांपैकी कितीतरी घोडे वाचतील, असे मला मनापासून वाटते.

याचे कारण घोड्याच्या पायाच्या रचनेतच आहे. शर्यतीचा थरोब्रेड जातीचा घोडा साधारण 450 ते 500 किलो वजनाचा असतो आणि भरधाव धावताना एका क्षणी त्याच्या एकाच पुढच्या पायावर स्वतःच्या वजनाच्या जवळपास अडीचपट भार येतो. गुडघ्याच्या खाली त्या पायात स्नायू जवळजवळ नसतातच. असतात ती हाडे, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर), अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) आणि त्यांवर ताणलेली कातडी. तिथे मोठी इजा झाली की उपचाराच्या वाटा फार थोड्या उरतात, कारण घोड्याला महिनोन्‌महिने झोपवून ठेवता येत नाही. 2006 साली अमेरिकेतील केंटकी डर्बी जिंकणाऱ्या बार्बारो या घोड्याचा मागचा उजवा पाय दोन आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत अनेक ठिकाणी मोडला. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये त्याच्यावर अत्यंत कुशल शस्त्रक्रिया झाली, हाड जुळूही लागले. परंतु शरीराचा भार ज्या निरोगी पायांवर गेला होता त्यांच्या खुरांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांचा दाह, झाला आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले. जगातील उत्तमोत्तम सोयी हाताशी असतानाही जे साधले नाही, ते आपल्या पागेत साधेल अशी आशा धरण्यापेक्षा हाड मोडण्याआधीच काय करता येते हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.

धावताना मोडणारे हाड बहुतेक वेळा अचानक मोडत नाही, हे गेल्या काही दशकांतील शवविच्छेदनांनी पुरेसे स्पष्ट केले आहे. ज्या जागी ते मोडते त्या जागी आधीपासून सूक्ष्म तडे आणि दुरुस्तीच्या खुणा सापडतात. हाड ही जिवंत वस्तू आहे. त्यावर भार आला की शिणलेला भाग विशिष्ट पेशी आधी पोखरून काढतात आणि मग दुसऱ्या पेशी तिथे नवे हाड भरतात. पोखरण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याला मात्र काही महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असते, आणि नेमक्या याच काळात घोडा बाहेरून अगदी ताजातवाना दिसतो. दोन-तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर परत आलेल्या घोड्याच्या खांद्याखालच्या हाडाला ताणामुळे तडे जाण्याचा धोका वाढलेला आढळतो, तो यामुळेच. म्हणून सुट्टीवरून आलेल्या घोड्याला पहिल्याच पंधरवड्यात जोरात पळवू नका, असे मी ट्रेनर मंडळींना पुन्हा पुन्हा सांगतो.

दोन वर्षांच्या बछेड्यांच्या बाबतीत हाच नियम जरा वेगळ्या रूपात दिसतो. कसरत सुरू झाली की काही महिन्यांत त्यांच्या पुढच्या पायांच्या नळीचा, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाचा, पुढचा भाग दुखू लागतो, हात लावला की बछेडा पाय मागे घेतो. पेनसिल्वेनियातच डेव्हिड न्यूनामेकर यांनी या दुखण्यावर दीर्घकाळ संशोधन केले. लांब पल्ल्याची संथ कसरत नळीच्या हाडाला संथ धावण्यासाठीच घडवते, तर अधूनमधून दिलेल्या छोट्या, वेगवान धावा ते हाड शर्यतीच्या वेगासाठी घडवतात, हे त्यांच्या कामाचे सार. लहान वयात "जपून" म्हणून केवळ संथ मैलच्या मैल धावायला लावणारे मालक मी आजही पाहतो. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या हाडाला तो उपयोगी पडत नाही.

आता कंडरांविषयी. गुडघ्यापासून खाली येणारी, नळीच्या मागची सर्वांत बाहेरची कंडरा भरधाव धावताना इतकी ताणली जाते की तिच्या गाभ्याचे तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचल्याचे मोजले गेले आहे. तिच्यातले तंतू तुटले की त्या जागी जो व्रण भरतो तो मूळ कंडरेइतका लवचीक कधीच होत नाही, आणि घोडा पुन्हा शर्यतीला उभा राहायला नऊ महिने ते एक वर्ष जाते. या इजेची चाहूल मात्र बहुधा आधी लागते, आणि ती यंत्राआधी बोटांना लागते. सकाळी घोडा बाहेर काढण्यापूर्वी, पट्ट्या सोडून काही वेळ गेल्यावर आणि पायावर पाणी मारण्याआधी, हाताची मागची बाजू नळीवरून वरून खाली फिरवावी, कारण उब तिथल्या कातडीला चटकन कळते. मग पाय उचलून गुडघ्यात दुमडावा, कंडरा सैल पडू द्यावी आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत ती धरून गुडघ्यापासून खालच्या सांध्यापर्यंत बोटाबोटाने खाली यावे. कुठे कड बोथट लागते का, कुठे किंचित फुगवटा आहे का, कुठे दाबल्यावर घोड्याचा कान मागे जातो का, हे पाहावे. लगेच दुसऱ्या पायावरही तेच करावे, कारण तुलना केल्याशिवाय या तपासणीला काही अर्थ नसतो. पट्टीखालची उब पट्टीची असते आणि गार पाण्याने खरी उब झाकली जाते. म्हणून वेळ चुकवून केलेली तपासणी न केल्यासारखीच.

हे काम पशुवैद्य रोज करू शकत नाही. ते करतो सईस, म्हणजे घोड्याची रोजची देखभाल करणारा माणूस, आणि आपल्या पागांमधील सर्वांत दुर्लक्षित तज्ज्ञ तोच आहे असे माझे ठाम मत आहे. एका घोडीच्या सईसाने मला थांबवून सांगितले होते, "साहेब, डाव्या पायाला हात लावला की ही आज दाणा चघळायचं थांबवते." चालण्यात दोष नव्हता, दुडकीत नव्हता, सूज डोळ्यांना दिसत नव्हती. अल्ट्रासाऊंड लावल्यावर कंडरेच्या करड्या, एकसारख्या तंतूंमध्ये एक लहानसा काळा ठिपका दिसला. घोडीची कसरत त्याच दिवशी थांबवली, काही महिने केवळ चालवणे आणि मग हळूहळू दुडकी असा क्रम ठेवला, आणि ती पुढे धावली. एक भरधाव कसरत आणखी झाली असती तर त्या ठिपक्याचे काय झाले असते, हे सांगायला नको. सईसाचे बोलणे वहीत तारखेसह लिहून ठेवण्याची पद्धत प्रत्येक पागेत असावी असे मी सुचवतो. अनेक ठिकाणी त्याला बोलायची मुभाच नसते, याचे मला फार वाईट वाटते.

परदेशात तपासणीची साधने पुढे गेली आहेत. कॅलिफोर्नियातील सांता अनिता रेसकोर्सवर 2018-19 च्या हंगामात घोड्यांचे मोठ्या संख्येने मृत्यू झाल्यानंतर, 2019 च्या अखेरीस तिथे उभ्या घोड्याच्या पायाचे पेट स्कॅन करणारे यंत्र बसवण्यात आले. नसेतून दिलेले किरणोत्सारी फ्लोराइड ज्या हाडात दुरुस्तीचे काम चालू असते तिथे साठते, त्यामुळे एक्स-रेमध्ये न दिसणारा शिणवटा चित्रात उजळतो, आणि घोड्याला पूर्ण भूलही द्यावी लागत नाही. असे यंत्र हाताशी नसले तरी एक्स-रे, अल्ट्रासाऊंड आणि बोटे यांचा उपयोग आपण ठरावीक दिवशी, लंगडण्याची वाट न पाहता, केला पाहिजे.

वेदनाशामकांबद्दल मला थोडे कठोरपणे लिहावे लागेल. फेनिलब्युटाझोन, म्हणजे पागेत सर्वांच्या ओठांवर असलेले "ब्यूट", हे योग्य हातात उत्तम औषध आहे. पण दुखणारा पाय घोडा स्वतःहून जपतो आणि हे औषध त्याचे ते जपणेच काढून घेते. शर्यतीनंतर औषधांचा अंश शोधण्यासाठी होणारी मूत्राची तपासणी केवळ जुगाराच्या प्रामाणिकपणासाठी आहे असे काहींना वाटते. माझ्या मते तिचा पहिला लाभार्थी घोडा आहे. शिवाय ही औषधे जठर, आतडे आणि मूत्रपिंड यांना इजा करतात, आणि धावणाऱ्या घोड्याचे जठर आधीच नाजूक अवस्थेत असते.

जठराबद्दल थोडे सविस्तर सांगतो. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, तो खात असो वा नसो. निसर्गतः तो दिवसाचा बहुतांश वेळ चरतो, त्यामुळे चाऱ्याचा थर आणि लाळ आम्लाला आवर घालतात. शर्यतीच्या पागेत मात्र त्याला दोन-तीन वेळा चंदी मिळते आणि मधले तास रिकामे जातात. धावताना पोटाचे स्नायू आवळले की ते आम्ल जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या अस्तरावर उसळते आणि तिथे व्रण पडतात. शर्यतीच्या बहुसंख्य घोड्यांना कधी ना कधी असे व्रण असतात. चंदी अर्धवट सोडणे, पोटाला खरारा सोसवत नसणे, कसरतीला तोंड फिरवणे ही त्यांची लक्षणे स्वभावदोष म्हणून खपवली जातात. जठरात सोडलेल्या तीन मीटर लांबीच्या दुर्बिणीने ते व्रण प्रत्यक्ष दिसतात आणि आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल या औषधाने बरेही होतात, परंतु चाऱ्याचे गणित बदलले नाही तर ते परत येतात. 450 किलोच्या घोड्याला रोज निदान साडेसहा-सात किलो कोरडा चारा हवा, दाणा एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त नको, आणि कसरतीपूर्वी अर्धा-पाऊण तास लसूणघासाची एक पेंढी दिली तर तिच्यातील कॅल्शियम आणि चाऱ्याचा थर दोन्ही कामाला येतात. उपाशीपोटी पळवण्याचा जुना आग्रह आता सोडून द्यायला हवा.

मुंबईच्या दमट हवेत वेगळाच प्रश्न उभा राहतो. घोड्याच्या घामात त्याच्या रक्तापेक्षाही जास्त मीठ असते, त्यामुळे खूप घाम गेल्यावर त्याला तहान लागायला हवी तेवढी लागत नाही. पाण्याची बादली भरलेली दिसते आणि घोडा मात्र आतून कोरडा पडत जातो. रोजच्या चंदीत 25-30 ग्रॅम साधे मीठ, आणि घाम गाळण्याच्या दिवसांत त्याहून अधिक, हे माझ्या मते सर्वांत स्वस्त औषध आहे. अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत 1990 च्या दशकात झालेल्या प्रयोगांनी हेही दाखवून दिले की तापलेल्या घोड्याच्या सर्वांगावर सतत गार पाणी ओतल्याने त्याचे स्नायू आखडत नाहीत, उलट तापमान झपाट्याने उतरते. काही घोड्यांचा घामच बंद होतो : कसरतीनंतर अंग कोरडे, नाकपुड्या फुललेल्या आणि श्वास थांबता थांबत नाही. ब्रिटिश काळात इंग्लंडहून भारतात आणलेल्या घोड्यांमध्ये हे दुखणे ठळकपणे नोंदले गेले. त्यावर खात्रीचे औषध नाही. पंखे, पहाटेची कसरत आणि शक्य असल्यास पुण्यासारख्या कोरड्या, थंड हवेत हलवणे एवढेच हाती असते.

खूर आणि दात यांबद्दल थोडक्यात. खूर महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून नालबंद चार-सहा आठवड्यांनी आलाच पाहिजे. पुढचा भाग लांबलेला आणि टाच खाली बसलेला खूर वरच्या कंडरेवर रोज जादा ताण टाकतो. दाढांच्या कडा धारदार होतात, गालाला जखमा करतात, आणि घोडा लगामाशी भांडतो. वर्षातून किमान एकदा तोंड उघडून त्या कानशीने घासाव्यात.

संसर्गजन्य रोगांबाबत मात्र ढिलाई परवडत नाही. धनुर्वात, रेबीज आणि इन्फ्लुएन्झा यांच्या लसी वेळच्या वेळी झाल्या पाहिजेत. 2008 च्या जूनमध्ये जम्मूतील कटरा इथे सुरू झालेली घोड्यांच्या फ्लूची साथ मुंबई-पुण्यासह देशभर पसरली, ती मुख्यतः घोड्यांच्या ने-आणीतून. ताप आलेल्या घोड्याला तापाच्या प्रत्येक दिवसामागे एक आठवडा विश्रांती द्यावी, कारण श्वासनलिकेचे अस्तर भरून यायला तेवढा वेळ लागतोच. सर्रा हा रोग मोठ्या चावऱ्या माश्या पसरवतात. ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये डेरा इस्माइल खान इथल्या आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात त्याचा परजीवी प्रथम पाहिला. येता-जाता ताप, पायांवर आणि पोटाखाली सूज, भरपूर खाऊनही खंगत जाणे असे दिसले तर रक्ताची तपासणी लगेच करावी. ग्लँडर्स हा जिवाणूंमुळे होणारा रोग 2006 साली महाराष्ट्रात पुन्हा आढळला. तो माणसालाही होतो, त्यावर घोड्याला उपचार दिले जात नाहीत आणि कायद्याने तो कळवावाच लागतो. जत्रेतून वा बाजारातून आणलेला घोडा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या चाचण्यांच्या धर्तीवर तपासून झाल्याशिवाय जुन्या घोड्यांच्या शेजारी बांधू नये.

हे सारे रेसकोर्सपुरते आहे असे कुणी समजू नये. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांबरोबर खेड, मंचर, जुन्नर या पट्ट्यातील घाटांवर बैलांपुढे धावणाऱ्या घोड्याही परत आल्या. त्यांना चढावर, कडक मातीवर, उन्हाच्या दिवसांत पूर्ण जोराने धावावे लागते, आणि त्यांतल्या कितीतरी घोड्यांना पशुवैद्याचा हात वर्षभर लागत नाही. अशा घोडीच्या मालकांना माझी विनंती आहे की चैत्रातल्या जत्रांच्या निदान दोन महिने आधी तिचे पाय, खूर, दात आणि रक्त तपासून घ्यावे, धनुर्वाताची लस द्यावी आणि त्याच वेळी कसरत थोड्या थोड्या वेगवान धावांनी वाढवायला सुरुवात करावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना यातले बहुतेक सारे करता येते. घोडी लंगडत नसतानाच त्यांच्याकडे न्यावी.