दिव्याच्या खांबाचा खड्डा

सारसबागेत दिव्याचा नवा खांब बसवायचा होता. त्यासाठी मजुरांनी छातीइतका खोल खड्डा घेऊन ठेवला होता. दुपारी त्यात काँक्रीट पडणार, म्हणजे आमच्या हातात जेमतेम दोन तास.

आमच्या म्हणजे रविवारी सकाळी जमणाऱ्या दहा-बारा जणांच्या. पुरातत्त्व हा माझा पोटापाण्याचा उद्योग. बाकीचे आसपासच्या पेठांतले हौशी. बँकेतून निवृत्त झालेले काका, कॉलेजच्या दोन मुली, सहावीतला एक चौकस मुलगा आणि त्याला सोडायला म्हणून आलेली नि मग थांबलेली त्याची आजी. आम्ही स्वतः खणत नाही. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला आधी बजावते. मग १८७८ च्या कायद्याचं सांगते: जमिनीत पुरलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं. १० रुपये ऐकून सगळे हसतात. थोडक्यात, दुसऱ्यांनी खणलेल्या खड्ड्यांत डोकवायचं, मोजायचं, चित्र काढायचं आणि जुन्या माणसांना बोलतं करायचं, एवढंच आमचं काम.

इथे मुळात बाग नव्हतीच. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचं पाणी घेऊन तळं केलं, मधे बेट ठेवलं. बेटावरचा गणपती सवाई माधवरावांच्या काळातला, १७८४ चा. पुणेकर त्याला अजूनही तळ्यातला गणपती म्हणतात, थंडीत स्वेटर-टोपी घातलेला बघायला आवर्जून येतात आणि तळं कुठंय विचारलं की देवळाजवळच्या कमळांकडे बोट दाखवतात.

मी खड्ड्यात उतरले, थापीने एक बाजू तासून घेतली. वर वीतभर बागेची काळी माती. त्याखाली मुरूम आणि राडारोडा, म्हणजे विटांचे तुकडे, काचा. त्यातून भाजक्या मातीचा एक बाकदार तुकडा डोकावत होता, कडेला अर्धवट तुटलेलं भोक. खापरी नळ! कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारी दगडी नळयोजना नानासाहेबांच्याच काळातली. वाटेत हवा सुटायला बांधलेले उच्छ्वास, पेठांमधले हौद... खड्ड्यातच उभं राहून मी चांगलं दहा मिनिटं भाषण ठोकलं. मुलींनी फोटो काढले. काकांनी वहीत ‘पेशवेकालीन नळ’ लिहून दोन रेघा ओढल्या.

झाडांना पाणी घालणारे माळीदादा नळी बाजूला टाकून आले. तुकडा हातात घेतला, काठावरून अंगठा फिरवला.

“ताई, कुंडी आहे ही. बुडाचा तुकडा. हे पाणी निचरायचं भोक. फुटक्या कुंड्या आम्हीच टाकतो की भरावात.”

ते भोक मला दिसलं होतं. मी ते नळाच्या सांध्याचं ठरवून मोकळी झाले होते. काका खोडरबर शोधायला लागले. म्हटलं, खोडू नका, खाली ‘कुंडी’ लिहा.

तेवढ्यात आजींनी विचारलं, “अहो, पण ही माती कुठली?”

मजुरांनी तळातून शेवटची काढलेली दोन-चार घमेली खड्ड्याच्या कडेला पडली होती. राखाडी, निळसर झाक असलेली, लोण्यासारखी चिकट. कुंडीच्या नादात मी तिच्याकडे पाठ करून उभी होते. आजींनी चिमूटभर उचलून नाकाशी नेली.

“तळ्याचा वास आहे हा. उन्हाळ्यात पाणी आटलं की आमच्या घरापर्यंत यायचा. आई खिडक्या लावून घ्यायची.”

आजींचं वय ऐंशीच्या घरात. तळं बुजून बाग झाली ती १९६० च्या दशकात, म्हणजे त्यांनी ते पुरतं पाहिलेलं. पाण्याखाली राहिलेल्या गाळाला हवा मिळत नाही, त्यातल्या लोहाला तांबूस रंग चढत नाही. म्हणून तो असा राखाडी राहतो. हे मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना शिकवत आले आहे. ढेकूळ फोडलं तर आत पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, तांदळाच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे. पांढरे, इतके पातळ की नखाने पिचतील.

पुढचा तास कुणी फारसं बोललं नाही. मुलींनी टेप धरली, काकांनी थर उतरवून घेतले, माळीदादांनी कोणती बाजू कधी भरली ते दाखवलं. आजींना खुर्ची आणून दिली, पण त्या उभ्याच. देवळाकडे बघून घर कुठल्या अंगाला होतं, ते नातवाला समजावत होत्या.

मिक्सरची घरघर ऐकू आली. मुकादम म्हणाला, “झालं का, ताई?”

आम्ही आवरायला घेतलं, तेव्हा मुलाने मूठ उघडून माझ्यापुढे धरली. तीन शंख.

“मावशी, हे १० रुपयांच्या वर जातील का?”

“१० रुपयांत चौपाटीवर भेळसुद्धा मिळत नाही,” आजी म्हणाल्या.

दोन शंख मी पिशवीत घातले, वर जागा आणि तारीख लिहिली. तिसरा मागितला नाही.